‘म्हाका मेळ्ळे!’ – पहिल्या व्याजाची कुळकथा

दामदुपटीच्या एखाद्या योजनेविषयी गावात कुजबुज सुरू झाली, की पहिले काही दिवस लोक हसतात. मग कोणीतरी शेजारी धाडस करून पैसे भरतो आणि महिन्याभरात त्याच्या हातात व्याज पडते. ‘म्हाका मेळ्ळे!’ असे तो देवळाच्या मंडपात किंवा नुस्त्याच्या बाजारात सांगतो आणि या दोन शब्दांपुढे सगळ्या शंका गप्प होतात. तो खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच मिळालेले असते. गोंधळ होतो तो इथेच. हल्ली ही योजना मोबाईलवर येते, तिला ॲप म्हणतात, प्लॅटफॉर्म म्हणतात, पण ‘म्हाका मेळ्ळे’ची जागा तीच आहे. म्हणून या दोन शब्दांचा थोडा इतिहास सांगावासा वाटतो.

सुरुवात म्युनिकपासून करू. १८६९ साली तिथे आडेल श्पिट्झेडर नावाची एक नटी होती. रंगभूमीवर फारसे यश नाही, डोक्यावर कर्ज, पण राहणी मात्र थाटाची. तिने एका सुताराच्या बायकोकडून शंभर गुल्डन घेतले, महिन्याला १० टक्के व्याज कबूल केले आणि दोन महिन्यांचे व्याज तिथल्या तिथे तिच्या हातावर ठेवले. बाकीचे काम त्या सुतारणीने केले. जाहिरात लागली नाही. थोड्याच काळात म्युनिकच्या आसपासचे शेतकरी, मोलकरणी, कारागीर यांची श्पिट्झेडरच्या दाराशी रीघ लागली. डाखाऊ भागातले शेतकरी इतके होते, की तिच्या पेढीला लोक ‘डाखाऊ बँक’च म्हणू लागले. पैशांची पोती घरात पडलेली असत. हिशेबाची वही म्हणजे नाव आणि रक्कम, एवढेच. जमा झालेला पैसा कुठे गुंतवला, याचा रकाना त्या वहीत नव्हता, कारण तो कुठेच गुंतवलेला नव्हता. तिने गरिबांसाठी स्वस्त जेवणाची खानावळ काढली, वर्तमानपत्रे हाताशी धरली. जी पत्रे सावध करत होती त्यांच्याविषयी लोकांना वाटे, की सावकारांच्या आणि मोठ्या बँकांच्या पोटात दुखते आहे. नोव्हेंबर १८७२ मध्ये अनेक ठेवीदारांनी एकाच वेळी पैसे परत मागितले आणि सगळे संपले. सुमारे ३२ हजार लोकांचे मिळून ३ कोटी ८० लाख गुल्डन बुडाले. तिला शिक्षा झाली तीन वर्षांची.

महिन्याला १० टक्के म्हणजे किती, हे आपण तोंडाने पटकन बोलतो, पण कागदावर मांडत नाही. व्याज मुदलात घालत गेले तर एक लाखाचे वर्षभरात ३ लाख १४ हजार होतात. पाच वर्षांनी ३ कोटींच्या वर जातात. असा धंदा ज्याला सापडला, त्याला सुतारणीच्या शंभर गुल्डनची गरज काय? हा प्रश्न विचारायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. पण हातावर वीस गुल्डन पडलेले असताना तो सुचत नाही.

या कथेच्या आवृत्त्या पुढे ठिकठिकाणी निघाल्या. बोस्टनमध्ये १८७९-८० साली सारा हाऊ या बाईने फक्त एकट्या, निराधार स्त्रियांसाठी पेढी काढली आणि महिन्याला ८ टक्के दिले. ब्रुकलिनमध्ये १८९९ साली विल्यम मिलर नावाच्या तरुण कारकुनाने आठवड्याला १० टक्के कबूल केले. वर्षाचे ५२० टक्के होतात म्हणून त्याचे नावच ‘५२० टक्के मिलर’ पडले. त्याचे पहिले गिऱ्हाईक कोण, तर चर्चमधल्या त्याच्या धर्मवर्गातले सोबती. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण असली योजना अनोळखी माणसाकडून क्वचितच आपल्यापर्यंत पोचते. ती आतेभाऊ आणतो, निवृत्त सहकारी आणतो, आरतीला शेजारी उभा राहणारा आणतो.

मग येतो चार्ल्स पॉन्झी, ज्याचे नाव या सगळ्या प्रकारालाच चिकटले. खरे तर तो या कुळातला पहिला नाही, हे वर आलेच. इटलीतून १९०३ साली बोस्टनला उतरलेला हा बुटका, हसतमुख माणूस. मधल्या काळात माँट्रियलला बनावट सहीच्या प्रकरणात तुरुंगात जाऊन आला होता. १९१९ साली स्पेनहून आलेल्या एका पत्रात त्याला आंतरराष्ट्रीय उत्तर-कुपन मिळाले. १९०६ साली टपाल संघटनेने ही सोय केली होती. एका देशात कुपन विकत घ्यायचे, पत्रासोबत पाठवायचे आणि पलीकडच्याने आपल्या देशात त्याच्या बदल्यात टपाल तिकीट घ्यायचे. पहिल्या महायुद्धानंतर इटलीचे चलन घसरले होते, पण कुपनाचा ठरलेला भाव तोच राहिला होता. म्हणजे इटलीत स्वस्तात कुपन घेऊन अमेरिकेत महागडी तिकिटे मिळवता येतील! कल्पना चुकीची नव्हती. अशा प्रत्येक योजनेत आरंभी खऱ्याचा एक दाणा असतो, आणि तो दाणाच शहाण्या माणसाला फसवतो. अडाण्याला तो लागतच नाही, त्याला शेजाऱ्याचे व्याज पुरते.

पॉन्झीने ९० दिवसांत ५० टक्के देण्याचे वचन दिले आणि प्रत्यक्षात ४५ दिवसांतच पैसे चुकते केले. वचनापेक्षा आधी! बोस्टनच्या इटालियन वस्तीत, मग पोलिसांत, मग सगळ्या शहरात हाच विषय. बहुतेकांनी मिळालेले पैसे घरी नेलेच नाहीत, तिथल्या तिथे पुन्हा गुंतवले. त्यामुळे पॉन्झीला प्रत्यक्ष रोकड थोडीच द्यावी लागत होती. ‘मिळाले’ म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांना मिळाली होती ती नवी पावती.

जुलै १९२० च्या अखेरीस ‘बोस्टन पोस्ट’ या वर्तमानपत्राने क्लॅरेन्स बॅरन या अर्थपत्रकाराला या धंद्याचा हिशेब तपासायला सांगितला. बॅरनने केले ते फार साधे होते. पॉन्झी सांगतो तेवढा व्यवहार व्हायला १६ कोटी कुपने लागतील आणि जगात चलनात आहेत सुमारे २७ हजार, हे त्याने दाखवून दिले. टपाल खात्यानेही सांगितले, की कोणी एवढी कुपने खरेदी केल्याची नोंद आमच्याकडे नाही. बॅरनने आणखी एक खोचक प्रश्न विचारला होता. हा गृहस्थ इतरांना ५० टक्के देतो, मग स्वतःचे पैसे साध्या बँकांत आणि घरा-जमिनींत का ठेवतो?

बॅरनने पॉन्झीची वही मागितली नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. वही पॉन्झीची होती, तो हवी तशी लिहू शकत होता. बॅरन गेला तिसऱ्याच्या नोंदीकडे, म्हणजे टपाल खात्याकडे. तिथे कुपने नव्हती.

या लेखानंतर लोक पॉन्झीच्या दारात जमले. त्याने काय करावे? गर्दीला कॉफी आणि डोनट वाटले आणि मागेल त्याचे पैसे परत केले. ते पाहून कित्येकजण रांगेतून परत फिरले! वेळेवर पैसे देण्याची ताकद एवढी असते. पण २ ऑगस्टला त्याच्याच प्रसिद्धी-सल्लागाराने, विल्यम मॅकमास्टर्सने, हा माणूस दिवाळखोर आहे असे छापून आणले. ११ तारखेला माँट्रियलचा तुरुंगवास बाहेर आला आणि १२ ऑगस्टला अटक झाली. पुढे अमेरिकेने त्याला १९३४ साली हाकलले, आणि १९४९ साली रिओ दी जानेरोच्या धर्मादाय इस्पितळात तो वारला.

आम्हां गोमंतकीयांना लिस्बनची गोष्ट जास्त जवळची वाटावी. तिथे मारिया ब्रांका दुश सांतुश ही बाई ‘दोना ब्रांका’ म्हणून प्रसिद्ध होती. लोकांनी तिला दिलेली पदवी होती ‘जनतेची बँकवाली’. महिन्याला १० टक्के, म्हणजे म्युनिकचाच दर. वय झालेली, साधे कपडे घालणारी, आजीसारखी दिसणारी ही बाई फसवील असे कोणाला वाटले नाही. १९८३ साली वर्तमानपत्रांत तिच्याविषयी येऊ लागले तेव्हा गंमत अशी झाली, की धोक्याची बातमी हीच जाहिरात ठरली आणि रांग आणखी वाढली. ऑक्टोबर १९८४ मध्ये तिला अटक झाली, पुढे दहा वर्षांची शिक्षा झाली आणि १९९२ मध्ये ती वारली. दुसऱ्याच वर्षी पोर्तुगालच्या दूरदर्शनवर तिच्या आयुष्यावरची मालिका लागली.

लिस्बनचा विषय निघाला म्हणून थोडे अवांतर. गोव्यातल्या कित्येक घरांचे सोन्याचे दागिने बांकु नासियोनाल उल्त्रामारीनु या बँकेत तारण होते आणि १९६१ साली मुक्तीच्या वेळी ते सोने लिस्बनला गेले. परत आले १९९१ साली! तीस वर्षे लोकांनी बोटे मोडली. पण ते परत येऊ शकले, कारण सोने खरोखर होते आणि कोणाचे किती याची नोंद होती. दोना ब्रांकाच्या ठेवीदारांनी तीस वर्षे थांबायचे म्हटले असते तरी कशासाठी थांबणार?

आपल्या देशातही हा धंदा जुना आहे. ‘प्राइझ चिट’ आणि साखळी योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा १९७८ चा. त्याच सुमारास कलकत्त्यात ‘संचयिता इन्व्हेस्टमेंट्स’ ही भागीदारी पेढी जोरात होती. ठेवीच्या कागदावर व्याज लिहिलेले असे १२ टक्के. प्रत्यक्षात मिळे आधी ४८ आणि मग ३६ टक्के, वरचा भाग गुपचूप रोखीत. डिसेंबर १९८० मध्ये धाडी पडल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८२ साली न्यायालयाने सांगितले, की ही योजना १९७८ च्या कायद्यातल्या व्याख्येत बसत नाही! म्हणजे कायदा दोन पावले मागे, हेही जुनेच. मला त्या कागदाचे जास्त वाटते. ज्याच्या हातात १२ टक्क्यांचा कागद आणि खिशात ४८ टक्के रोख, त्याला काहीतरी चोरटे चालले आहे हे कळत नव्हते का? कळत होते. त्या चोरटेपणात आपला वाटा आहे, या भावनेनेच तो गप्प राहिला. नंतर सागवानाच्या झाडांचे दशक आले, मग पश्चिम बंगालात २०१३ साली ‘शारदा’ कोसळली, आणि ‘पीएसीएल’ या कंपनीला सेबीने २०१४ साली ४९,१०० कोटी रुपये परत करायला सांगितले. तिथे जमिनीच्या तुकड्याचे आमिष होते. वस्तू बदलत राहिली, एवढेच.

न्यूयॉर्कचा बर्नार्ड मेडॉफ मात्र थोडा निराळा आणि आजच्या ॲपचा खरा पूर्वज तोच. त्याने ५० टक्के कबूल केले नाहीत. वर्षाला साधारण १० टक्के, पण बाजार चढो वा पडो, जवळपास न चुकता. श्रीमंत, शिकलेले लोक त्याच्याकडे भुलले ते लोभापेक्षा त्या सपाट रेषेला. हॅरी मार्कोपोलोस या विश्लेषकाने २००० सालापासून अमेरिकेच्या बाजार नियंत्रकांना अनेकदा लिहून कळवले, की असा परतावा गणितात बसत नाही. कोणी लक्ष दिले नाही. डिसेंबर २००८ मध्ये अटक झाली तेव्हा ग्राहकांच्या विवरणपत्रांवर मिळून सुमारे ६५ अब्ज डॉलर दिसत होते. ते फक्त कागदावर होते. कचेरीच्या सतराव्या मजल्यावर एका जुन्या संगणकातून मागच्या तारखांचे, कधीच न झालेले खरेदी-विक्रीचे व्यवहार छापून निघत. शेअर विकत घेणारा तोच, सांभाळणारा तोच आणि हिशेब छापणारा तोच. तिसरा कोणी नव्हताच.

इंटरनेट आल्यावर ही छपाईही फुकट झाली. २०१०-११ साली आपल्याकडे ‘स्पीक एशिया’ गाजली. सिंगापूरची कंपनी, अकरा हजार रुपये भरा, घरबसल्या ऑनलाइन सर्वेक्षणाचे प्रश्न सोडवा, आठवड्याला हजार रुपये मिळवा. सर्वेक्षण कोणाला हवे आहे, हा बॅरनचा प्रश्न. मे २०११ मध्ये तो विचारला गेला तेव्हा ग्राहक म्हणून सांगितलेल्या काही मोठ्या कंपन्यांनी आमचा संबंध नाही असे जाहीर केले. पुढे आले ‘बिटकनेक्ट’. तुम्ही खरे बिटकॉइन द्यायचे, बदल्यात त्यांचे घरचे नाणे घ्यायचे, ते त्यांनाच उसने द्यायचे आणि एक गुप्त ‘ट्रेडिंग बॉट’ महिन्याला ४० टक्क्यांपर्यंत कमावणार. व्याज मिळे तेही घरच्या नाण्यात. जत्रेतल्या पाळणेवाल्याने आपलीच तिकिटे पगार म्हणून वाटावीत तसे. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी हा उधारीचा कारभार बंद केला आणि नाण्याची जवळपास सगळी किंमत गेली. अमेरिकन सरकारच्या म्हणण्याप्रमाणे घोटाळा २४० कोटी डॉलरचा. संस्थापक म्हणून ज्याच्यावर २०२२ साली तिथे आरोपपत्र ठेवले गेले, तो माणूस सुरतेचा.

आज जे चालले आहे ते याच्याही पुढचे. व्हॉट्सॲपच्या एखाद्या गटात आपल्याला न विचारता घातले जाते. तिथे एक ‘प्रोफेसर’ शेअर बाजाराचे धडे देतो, आणि शंभर सभासद रोज ‘सर, आज इतके मिळाले’ म्हणून पडद्याची चित्रे टाकतात. त्यांतले बरेच एकाच टोळीचे. श्पिट्झेडरला निदान एक खरी सुतारीण लागली होती, आता ‘म्हाका मेळ्ळे’ म्हणणारेही बनवून मिळतात! मग एका दुव्यावरून ॲप उतरवायला सांगतात. नाव एखाद्या नामांकित दलाली पेढीसारखे. पैसे मात्र भरायचे कोणा भलत्याच ट्रेडिंग कंपनीच्या किंवा व्यक्तीच्या खात्यात आणि दर वेळी खाते नवे. ॲपमध्ये आकडा वाढत जातो. पाच-दहा हजार काढून पाहिले तर लगेच येतात. हे ते वीस गुल्डन. धीर येतो, मुदत ठेव मोडली जाते, तारवटी मुलाने जहाजावरून पाठवलेले पैसे त्यात जातात. मोठी रक्कम काढायला गेले, की आधी २० टक्के कर भरा, मग सुरक्षा ठेव भरा, मग खाते गोठले आहे ते सोडवण्याचे शुल्क भरा.

हा कराचा मुद्दा नीट समजून घ्यावा, कारण शिकलेली माणसे इथेच शेवटचा लाखाचा हप्ता घालवतात. खऱ्या व्यवहारात कापायचे ते मिळणाऱ्या रकमेतून कापून घेतात आणि उरलेले हातात देतात. आपलेच पैसे काढण्यासाठी आधी खिशातून नवे पैसे भरा, असे कोणतीही दलाली पेढी सांगत नाही, आणि भांडवली नफ्यावरचा कर सरकारात भरायचा असतो, ॲपवाल्याकडे नव्हे. त्याने कर मागितला म्हणजे आकडा नुसता रंगवलेला होता हे कळून चुकावे.

आणि बॅरनची युक्ती अजून चालते. खरा शेअर घेतला असेल तर तो एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीत आपल्या नावावर जमा होतो आणि त्याचे विवरण ती डिपॉझिटरी आपल्याला वेगळे पाठवते, दलालाच्या ॲपशी त्याचा संबंध नसतो. दलालाचे नाव आणि नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर पाहता येतो, तिथून मिळालेल्या फोनवर विचारता येते. ॲपमध्ये दहा लाखांचे शेअर दिसत आहेत आणि डिपॉझिटरीच्या विवरणात काहीच नाही, म्हणजे टपाल खात्यात कुपने नाहीत. पैसे गेलेच असतील तर त्याच तासाला १९३० वर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्याआधी अडवता आली तर तेवढीच वाचते. नंतर ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, थोडी फी लागेल’ म्हणणारा येतो, तो बहुधा त्याच कुळातला असतो.

लोकांना नुसते लोभी म्हणून मोकळे होणारे मला पटत नाहीत. बँकेचे व्याज महागाईला पुरत नाही, पेन्शन ठरलेली, मुलांचे शिक्षण महाग. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत दादरच्या ‘टोरेस’ या दागिन्यांच्या दुकानाला टाळे दिसले. तिथे आठवड्याला परतावा देण्याची योजना होती. दाराशी जमलेल्या गर्दीत आसपासच्या बाजारात बसणारे भाजीवाले होते. या माणसांनी वर्षभर शेजाऱ्याला खरेच पैसे मिळताना पाहिले होते.

ज्यांना मिळाले त्यांचे पुढे काय होते, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. पॉन्झीच्या दिवाळखोरीनंतर त्याच्या उरल्यासुरल्या मालमत्तेवर नेमलेल्या विश्वस्तांनी, २ ऑगस्ट १९२० नंतर आपले मुद्दल काढून नेणाऱ्यांवर दावे लावले. हे लोक म्हणत होते, की आम्ही व्याजही घेतले नाही, फक्त आमचेच पैसे परत घेतले. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचले. १९२४ साली सरन्यायाधीश विल्यम टाफ्ट, जे आधी राष्ट्राध्यक्ष होते, त्यांनी निकाल दिला, की तो पैसा त्यांचा म्हणून ओळखता येत नाही, तो इतर ठेवीदारांचाही आहे, सबब परत करा. मेडॉफच्या बाबतीतही विश्वस्ताने भरल्यापेक्षा जास्त काढून नेणाऱ्यांना गाठले. जेफ्री पिकाउअर हा त्यांतला सर्वांत मोठा. तो २००९ साली वारला, आणि २०१० च्या डिसेंबरात त्याच्या विधवेने ७२० कोटी डॉलर परत करण्याचे मान्य केले.